नोकरीत दिव्यांगत्व आले तर राजीनामा नको, अर्ज द्या : कामाच्या जागी मिळणाऱ्या सोयींची माहिती

परतूर तालुक्यातील वाटूरसारख्या गावात पगारी नोकरीच्या जागा मोजक्याच असतात. जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित विद्यालय, आरोग्य खाते, ग्रामपंचायत, बँक. त्यापुढे जालन्याचे पोलाद कारखाने आणि बियाणे कंपन्या. आपल्या समाजात अशी एक नोकरी सगळे घर उभे करते. म्हणूनच अपघातात पाय गेला, शुगरमुळे नजर गेली किंवा ऐकू येणे कमी झाले, की पहिली भीती नोकरीची वाटते. पुष्कळ जण अडचण लपवतात, सहकाऱ्यांच्या मेहेरबानीवर दिवस काढतात आणि शेवटी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ राजीनामा लिहून देतात. तो लिहिण्याआधी कायद्याने काय मागता येते, ते आम्ही येथे एकत्र देत आहोत.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातील पीडित हेही त्यात येतात.

या कायद्यातील नोकरदाराच्या सर्वांत उपयोगाची कल्पना म्हणजे ‘वाजवी सोय’. इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे जागेत, साधनांत, वेळेत किंवा कामाच्या पद्धतीत केलेला आवश्यक बदल, असा तिचा अर्थ. मालकावर अवाजवी बोजा पडू नये एवढीच मर्यादा आहे. वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे कलम २ मधील व्याख्येतच लिहिले आहे.

लक्षात ठेवायची कलमे :

- कलम २०(२) : प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण दिले पाहिजे.
- कलम २०(३) : केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही.
- कलम २०(४) : सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. पहिले काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावे लागते. पद रिकामे नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते.
- कलम २१ : प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे.
- कलम २३ : शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे.

‘शासकीय आस्थापना’ म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, एस.टी. महामंडळ, सरकारी कंपन्या आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही या व्याख्येत येतात. म्हणजे अनुदानित विद्यालयातील शिपाई आणि शिक्षक दोघांनाही कलम २० लागू आहे.

४० टक्क्यांचा गैरसमज

नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वाजवी सोय मागायला मात्र ही अट नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने तो मिळण्याचा हक्क मान्य केला आणि सोय त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवली पाहिजे, असे सांगितले. तरीही यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे, कागदोपत्री ते सोयीचे पडते.

दिव्यांगांचे आरक्षण समांतर असते. त्यामुळे अनुसूचित जातीच्या बौद्ध उमेदवाराला दोन्हींपैकी एकच हक्क निवडावा लागत नाही.

काय मागता येते

- चालण्याची अडचण : तळमजल्यावर वर्ग किंवा टेबल, उतार, कठडा, कमोडचे शौचालय, योग्य उंचीचे टेबल.
- दृष्टीची अडचण : संगणकावर पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. ‘एनव्हीडीए’ हे त्यातले मोफत आहे आणि मराठी वाचते. मात्र कार्यालयाचे टंकलेखन युनिकोडमध्ये हवे, जुन्या फाँटमधला मजकूर त्याला नीट वाचता येत नाही. ही मागणी अर्जात वेगळी लिहा.
- ऐकण्याची अडचण : तोंडी आदेशांऐवजी लेखी सूचना, बैठकीत समोरची जागा, बोलणे अक्षरांत उतरवणारे मोबाईल ॲप वापरण्याची मुभा.
- मानसिक किंवा दीर्घ आजार : येण्याजाण्याच्या वेळेत बदल, मध्ये विश्रांती, रात्रपाळीतून सूट.

खर्च कोणाचा? केंद्राच्या २०१७ च्या नियमांतील नियम ३ नुसार वाजवी सोयीचा खर्च पूर्ण किंवा अंशतः भरायला आस्थापना दिव्यांग व्यक्तीला भाग पाडू शकत नाही. श्रवणयंत्र, तीनचाकी यांसारखी वैयक्तिक साधने ‘एडिप’ योजनेतून मिळतात, ती वाट वेगळी आहे. ‘एडिपमधून घ्या’ म्हणून कार्यालयाला आपली जबाबदारी टाळता येत नाही.

पायऱ्या

१. कार्यालयप्रमुखाला लेखी अर्ज द्या. आजाराचा इतिहास लिहीत बसू नका. कोणते काम करताना काय अडते आणि कोणता बदल केला की ते जमेल, एवढे नेमके लिहा. कलम २०(२) चा उल्लेख करा. आवक क्रमांकासह पोच घ्या.

२. नकार तोंडी आला तर तो लेखी मागा. ‘बोजा पडतो’ असे म्हणत असतील तर किती आणि कसा, तेही कागदावर मागा.

३. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. अधिकारी कोण हे कोणी सांगत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका.

४. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जा.

५. पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची असते.

खासगी कारखान्याला कलम २० ची सक्ती नाही. पण कलम २१ चे समान संधी धोरण त्यालाही लागू आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर धोरणात सोयीसुविधांचा तपशील हवा. तो मागा आणि त्याच्या आधारे अर्ज करा.

नकार म्हणजे शेवट नव्हे

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्ण दृष्टिहीन आहेत. केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत दृष्टिहीनतेचे कारण देऊन नाकारले गेले. पुढच्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. डोळे तेच होते. पडदा वाचणारे सॉफ्टवेअर हाताशी असले की फायली वाचता येतात, एवढी साधी ही गोष्ट आहे. पण प्रत्येकाला पुन्हा परीक्षा देऊन स्वतःला सिद्ध करावे लागू नये, त्यासाठी कायदा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केले १९२४ मध्ये, तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. शाळेच्या पायरीशी अडलेला शिक्षक एकटा भांडू शकत नाही. त्याच्यावर वरिष्ठांचा दबाव असतो आणि घरचे ‘जाऊ द्या’ म्हणत असतात.

म्हणून प्रत्येक विहारात दोन कामे हाती घ्यावीत असे आम्हाला वाटते. पहिले, गावातील आणि तालुक्यातील शासकीय आस्थापनांत तक्रार निवारण अधिकारी कोण आहेत, याची यादी माहिती अधिकारातून मिळवून विहाराच्या फलकावर लावणे. दुसरे, अर्ज द्यायला जाणाऱ्या दिव्यांग कर्मचाऱ्यासोबत एका कार्यकर्त्याने जाणे आणि पोच घेतल्याशिवाय परत न येणे.

जय भीम.