मुंबई दर्शन

मुंबई दर्शन : मुंबई शहर व उपनगरांतील प्रेक्षणीय स्थळे एका किंवा दोन-तीन दिवसांत पाहण्याच्या सहलीला रूढ झालेले नाव. खासगी सहल-बसची फेरी, शाळेची वार्षिक सहल आणि नातेवाइकांकडे उतरलेल्या पाहुण्यांची भटकंती हे तिचे प्रचलित प्रकार. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईटसारख्या, समुद्रापासून दूर बालाघाटाच्या परिसरात वसलेल्या गावांतून येणाऱ्या अनेकांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो याच सहलीत.

प्रवास : या भागातून मुंबईला एसटीने किंवा बार्शी, कुर्डुवाडी, धाराशिव यांपैकी सोयीच्या स्थानकावरून रेल्वेने येता येते. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. त्यामुळे प्रवासी गाडीतून उतरतो तेच पहिल्या प्रेक्षणीय स्थळी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेल्या या इमारतीचे बांधकाम 1878 मध्ये सुरू झाले व सुमारे दहा वर्षे चालले. 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा स्थळ घोषित केले. भारतातील पहिली प्रवासी रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी याच परिसरातील बोरीबंदर येथून ठाण्याला गेली.

कोट परिसर : टर्मिनसपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचा भाग पायी पाहण्याजोगा आहे. समोरच महानगरपालिकेची 1893 मध्ये पूर्ण झालेली, स्टीव्हन्सनेच रचलेली इमारत आहे. पुढे हुतात्मा चौकात 1864 चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक शेजारी-शेजारी उभे आहेत. मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली ती या बलिदानातून. म्हणून मराठी पाहुण्याने येथे घटकाभर थांबावे. जवळच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींच्या समूहाला 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी 1905 मध्ये झाली आणि 1922 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. शिल्पे, लघुचित्रे, नाणी आणि शस्त्रे यांचा मोठा संग्रह येथे आहे. संग्रहालयाची इमारत आणि गेटवे ऑफ इंडिया या दोन्हींचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज 1911 मध्ये भारतात आला, त्याची आठवण म्हणून गेटवे उभारण्यात आले. सुमारे 26 मीटर उंचीची ही कमान 4 डिसेंबर 1924 रोजी खुली झाली. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी 28 फेब्रुवारी 1948 रोजी याच कमानीतून बाहेर पडली. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तर शेजारचे ताजमहाल हॉटेल 1903 पासूनचे.

घारापुरी : गेटवेहून लाँचने सुमारे तासाभरात या बेटावर जाता येते. बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात असले, तरी सहल मुंबईचीच मानली जाते. मुख्य लेण्यातील तीन मुखांची भव्य शिवमूर्ती भारतीय शिल्पकलेचा एक उत्कर्षबिंदू आहे. 1987 पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, हे वृद्धांना सोबत नेताना लक्षात ठेवावे. समुद्र खवळलेला असेल, तर लाँच बंद राहतात. प्रवासात लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे.

मरीन ड्राइव्ह ते हाजी अली : नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीकडे वळत जाणारा सुमारे साडेतीन किलोमीटरचा हा किनारा भराव टाकून तयार झाला. कडेच्या कट्ट्यावर बसायला तिकीट नाही आणि वेळेची अटही नाही. गिरगाव चौपाटीवर 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांचा पुतळा आहे. अनंत चतुर्दशीला शहरातील अनेक मोठ्या गणपतींचे विसर्जन येथेच होते. जवळच्या गावदेवीतील मणिभवनात महात्मा गांधी 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की उतरत.

वर मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. ते जलाशयावर वसवल्यामुळे त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. समोरच्या कमला नेहरू उद्यानातला ‘म्हातारीचा बूट’ लहान मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ओळखीचा आहे. खाली समुद्राच्या अगदी जवळ, पण गोड्या पाण्याचा बाणगंगा तलाव आहे. पुढे महालक्ष्मी मंदिर आणि समुद्रातील हाजी अली दर्गा लागतो. दर्ग्याची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. म्हणून ओहोटीची वेळ पाहूनच निघावे.

भायखळा : वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच राणीची बाग, हे मुलांचे सर्वांत लाडके ठिकाण. 2017 पासून येथे हम्बोल्ट पेंग्विन पाहायला मिळतात. बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये सुरू झाले असून मुंबईच्या जडणघडणीची कथा ते प्रतिकृतींतून सांगते. घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडले, तो हत्ती आता संग्रहालयाच्या आवारात आहे. 1864 मध्ये इंग्लंडला हलवण्याच्या प्रयत्नात तो तुटला होता आणि पुढे त्याचे तुकडे जोडण्यात आले. बेट पाहून आलेल्याने हा हत्ती पाहिल्याशिवाय सहल पुरी होत नाही.

दादर, वरळी, वांद्रे : प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर, दादरची चैत्यभूमी आणि वांद्र्याचे माउंट मेरी चर्च ही श्रद्धास्थाने याच पट्ट्यात आहेत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी मराठवाड्यासह सगळ्या महाराष्ट्रातून येतात. वरळीत नेहरू विज्ञान केंद्र व नेहरू तारांगण आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू 30 जून 2009 रोजी खुला झाला. त्यावर दुचाकी आणि पादचाऱ्यांना मनाई आहे.

उपनगरे : बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे असून त्याच्या पोटात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंनी कातळात पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेल्या पोढ्या येथे जागोजागी दिसतात. दुष्काळाची झळ सोसलेल्या भागातील माणसाने त्या मुद्दाम निरखाव्यात. कल्याण आणि सोपारा या प्राचीन बंदरांच्या व्यापाराने कान्हेरीला आधार दिला. त्याच काळी धाराशिव जिल्ह्यातले तेर ‘तगर’ नावाने व्यापारी नगर म्हणून प्रसिद्ध होते. जुहूची चौपाटी आणि गोराईचा विपश्यना पॅगोडा ही उपनगरांतील आणखी दोन आवडती ठिकाणे. पॅगोड्याच्या खांबविरहित घुमटाखाली सुमारे 8000 जण ध्यानाला बसू शकतात.

वाहने : बेस्टची दुमजली बस 1937 पासून धावू लागली. जुन्या डिझेल दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा वातानुकूलित विजेवरच्या बसनी घेतली. लोकलने फिरणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळावी.

नियोजन : घारापुरी, राष्ट्रीय उद्यान आणि तारांगण सोमवारी बंद असते, राणीची बाग व भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. एका दिवसात दक्षिण टोक आणि बोरिवली दोन्ही गाठू पाहणाऱ्या सहलीचा बहुतेक वेळ रस्त्यावरच जातो. त्यापेक्षा एका दिवसाला एक भाग पाहणे चांगले. एकच दिवस हाती असेल, तर सकाळी टर्मिनसवरून पायी हुतात्मा चौक, वस्तुसंग्रहालय व गेटवे पाहावे आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर पोहोचावे. घरातल्या ज्यांनी अजून समुद्र पाहिला नाही, त्यांना या सहलीला आधी न्यावे.