तळेगावची फुंकणी

पुण्याहून मुंबईस जाताना एकदा तळेगाव दाभाडे येथे मुक्काम पडला असता पैसा फंडाचा काच कारखाना पाहण्याचा योग आला, आणि ज्या वृद्ध कारागिराच्या भट्टीपुढे मी क्षणभर म्हणून उभा राहिलो, तेथून तासभर माझा पाय निघाला नाही. वाळू, सोडा आणि चुना यांचा मुशीत वितळलेला रस त्याने लांब लोखंडी फुंकणीच्या टोकावर मधासारखा गुंडाळून घेतला, लोखंडी पाटावर लोळवून त्यास घाट दिला, एक हलकी फुंकर घातली, आणि फुंकणी हातात अखंड फिरवीत तो तप्त गोळा साच्यात सोडला. हे फिरणे पळभर थांबले तर रस एका अंगास ओघळावा, आणि श्वास अंमळ जोराचा झाला तर भिंत पातळ पडून फुटावी. परंतु हे प्रमाण त्याच्या मनगटात आणि गालांत कायमचे मुरले होते. साच्यातून कंदिलाची चिमणी निघाली. एकदम थंड झालेली काच तडकते, म्हणून ती सावकाश निवण्यासाठी दुसऱ्या भट्टीत गेली, आणि त्याने पुन्हा रस घेतला.

असल्या चिमण्या पूर्वी ऑस्ट्रिया-जर्मनीहून येत. प्रत्येकाने सालिना एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी धंदे उभारावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची पैसा फंडाची तजवीज. तिच्यासाठी ते गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि १९०८ साली, ज्या साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याच साली, जपानात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तळेगावची भट्टी पेटली. केवळ माल काढून विकणे एवढाच इरादा असता तर या कारखान्याचे स्मरण व्यापाराच्या दप्तरातच राहिले असते. त्याने माणसे शिकविली, आणि येथे शिकलेले हात पुढे अन्य प्रांतांतील कारखान्यांत गेले, ही त्याची खरी कमाई असे मी मानतो. कारण यंत्र परदेशातून विकत आणता येते, पण फुंकणीवरचा श्वास शिष्याने गुरूशेजारी वर्षानुवर्षे उभे राहूनच घ्यावा लागतो.

रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होत. त्या भट्टीत एका रुपयाचा कोळसा पडायचा तर त्यामागे ६४ माणसांचे वर्षाचे देणे असे.