नेम आणि अंश

सर्व्हेच्या प्रात्यक्षिकात प्रिझमॅटिक कंपास पहिल्यांदा हातात आला की सिव्हिलचा विद्यार्थी हमखास बुचकळ्यात पडतो. तबकडीवर शून्य उत्तरेला असायला हवं, ते दक्षिणेला. नव्वद पश्चिमेला. आणि आकडे सगळे उलटे. छपाई मात्र बरोबरच असते. नजर लावायची बाजू आणि लक्ष्याची बाजू समोरासमोर असतात. उत्तरेकडे नेम धरला की डोळा तबकडीच्या दक्षिण टोकावर येतो, म्हणून शून्य तिथे. आकडे उलटे, कारण ते थेट वाचायचेच नसतात, लोलकातून वाचायचे असतात. जुन्या लष्करी होकायंत्रांच्या संग्राहकांना ज्या डब्या भुरळ घालतात, त्यांचं कूळ या लोलकापाशी सुरू होतं.

त्याआधीची रीत अशी होती: फटीतून लक्ष्याचा नेम धरायचा, मग मान खाली घालून काट्याचा अंश वाचायचा. यंत्र तिवईवर असेल तर ठीक. हातात धरलेलं असेल, तर मान खाली जाईपर्यंत नेम हललेला असायचा. लंडनमधला जर्मन वंशाचा उपकरणकार चार्ल्स श्माल्काल्डर याने 1812 साली पेटंट घेतलं ते याच अडचणीवर. डोळ्याच्या फटीखाली त्याने काटकोनी लोलक बसवला आणि काट्यावरच अंशांची तबकडी चिकटवली. बुबुळाच्या वरच्या भागाला समोरच्या पट्टीत ताणलेला केस लक्ष्यावर आलेला दिसतो, खालच्या भागाला त्याच क्षणी अंश दिसतो. काही जण या कल्पनेचं श्रेय हेन्री केटरला देतात. हा गृहस्थ विल्यम लॅम्टनच्या हाताखाली दक्षिण हिंदुस्थानच्या मोजणीत राबलेला होता, त्यामुळे हातातल्या यंत्राची चीड त्यालाही आली असणार. पेटंट मात्र श्माल्काल्डरच्या नावावर आहे.

हे यंत्र जन्मलं मोजणीदारासाठी. त्याला सैनिकी वळण देणाऱ्यांत ठळक नाव आहे विलोबी व्हर्नर या इंग्रज अधिकाऱ्याचं. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात तो नकाशाशास्त्र शिकवायचा. बाकी माणूस पक्षीवेडा: स्पेनमधल्या रानपक्ष्यांवर त्याचं 1909 सालचं जाडजूड पुस्तक आहे, आणि 1911 मध्ये तो तिथल्याच ला पिलेता गुहेत शिरून आदिमानवाची चित्रं पाहत होता. शिपायाला काय हवं, हे त्याला बरोबर कळलं. शिपायाला जमीन मोजायची नसते, अंधारात सरळ चालायचं असतं. त्यासाठी काचेभोवतीचं कडं फिरवून इच्छित दिशा आधीच लावून ठेवायची आणि रात्री तबकडीवरची चमकती खूण कड्यावरच्या चमकत्या रेघेशी जुळवत पावलं टाकायची.

ही चमक सुरुवातीला उधारीची होती. कॅल्शियम सल्फाइडच्या रंगाला आधी उजेड दाखवावा लागे, तो संपला की खूण विझे. मग रेडियम आलं. जस्ताच्या सल्फाइडमध्ये कणभर रेडियम मिसळलं की रंग स्वतःहून, रात्रभर आणि वर्षानुवर्षं उजळतो. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत रात्रीच्या हालचाली वाढल्या आणि व्हर्नरच्या सातव्या व आठव्या नमुन्याची मागणी इतकी वाढली, की होकायंत्रांशी संबंध नसलेलेही कामाला लागले. बर्मिंगहॅमची डेनिसन ही घड्याळांच्या डब्या करणारी, लंडनची मॉर्डन चांदीच्या पेन्सिली करणारी. दोघांची नावं 1917-18 च्या होकायंत्रांच्या झाकणावर सापडतात. त्या शेजारी तीन रेघांचा बाण असेल, तर ती सरकारी मालकीची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर वस्तू सरकारने विकून टाकलेली. अधिकारी बऱ्याचदा पदरच्या पैशाने यंत्र घेत, त्यामुळे काही झाकणांवर एखादं आडनाव सुईने कोरलेलं असतं. ही खरवड मला कारखान्याच्या शिक्क्याइतकीच मोलाची वाटते.

म्हणूनच दुरुस्तीला बसताना पहिली शपथ न घासण्याची. ही यंत्रं पितळी, पण रणांगणावर चकाकू नयेत म्हणून काळा लेप दिलेली. घरात आलेल्या पितळेला चिंच लावायची आपली सवय इथे घात करते. लख्ख झालेलं यंत्र शोभेला बरं, पण त्याचा सैनिकी अवतार गेलेला असतो. दुसरी गोष्ट रेडियमची. आज या खुणा चमकत नाहीत, म्हणून लोक त्यांना निरुपद्रवी समजतात. विझलं आहे ते सल्फाइड, सततच्या माऱ्याने झिजून. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षं आहे, ते ठणठणीत आहे. खरवडलेली पूड श्वासात गेली तर खेळ महागात पडतो. काचेखालची खूण जशी आहे तशी ठेवावी, नवा रंग भरण्याच्या फंदात पडू नये.

खरं काम असतं तबकडीखाली. ती एका पोलादी अणीवर तोललेली असते. झाकण मिटताच एक तरफ तिला अणीवरून उचलून धरते, म्हणजे घोड्याच्या किंवा मोटारीच्या धक्क्याने अणी बोथट होत नाही. ही तरफ वाकली की अणी झिजते आणि तबकडी अडखळते. तपासायला सोपं: लोखंडी चाकू जवळ नेऊन तबकडी हलवावी, चाकू दूर करावा आणि ती पुन्हा त्याच अंशावर येते का ते पाहावं. दरवेळी वेगळा आकडा आला तर अणीला धार द्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला आणखी एक अडचण भेटते. इंग्लंडमध्ये चुंबकसूईचं उत्तर टोक जोरात खाली ओढलं जातं, म्हणून तिथल्या कारागिराने दक्षिणेकडे वजन वाढवलेलं असतं. आपल्याकडे ती ओढ बरीच कमी, त्यामुळे दक्षिण बाजू कलंडून काचेला किंवा तळाला घासते. यंत्र बिघडलेलं नसतं, फक्त परक्या अक्षांशावर आलेलं असतं. तोल पुन्हा साधला की चालतं. दुसऱ्या महायुद्धातल्या द्रवभरल्या यंत्रांत वेगळाच त्रास: जोड सुकतो, द्रव झिरपतो, बुडबुडा येतो. तो काढायला सगळं उघडून नव्याने भरावं लागतं.

बाजारात मात्र जुन्यापेक्षा ‘जुनी’ यंत्रंच जास्त. त्यांचं माहेर बऱ्याचदा रुरकी. गंगेच्या कालव्याच्या कामामुळे तिथे 1847 साली अभियांत्रिकीचं महाविद्यालय आलं, कार्यशाळा आणि मोजणीच्या उपकरणांचे कारागीरही आले. आज तिथले कारखाने पितळी होकायंत्रांच्या प्रतिकृती जगभर पाठवतात. करणारे त्यांना प्रतिकृती म्हणूनच विकतात. वाटेत कुठेतरी त्या वारसा होतात. ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. ‘केल्व्हिन अँड ह्यूज, 1917’ असं कोरलेलं असेल तर हसून पुढे जावं, कारण ही दोन नावं एका पाटीवर आली ती 1940 च्या दशकात. ‘स्टॅन्ली, लंडन, 1885’ अशी अक्षरं असलेल्या कित्येक डब्यांच्या झाकणात रॉबर्ट फ्रॉस्टची दोन वाटांची कविता कोरलेली असते. फ्रॉस्ट 1885 साली अकरा वर्षांचा होता आणि ती कविता छापून आली 1915 साली.