वणवा लागल्याचं उपग्रहाला कळतं, मग १९२६ ला फोन कशाला?

उन्हाळा जवळ आला की अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं गवत वाळतं, सागाच्या पानांचा खच पडतो. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या घाटाखालच्या गावांतून रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली, की वणवा लागल्याचं कळतं. बुलढाणा जिल्ह्याच्या याच डोंगराळ पट्ट्यात २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य आहे. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला 'टी१-सी१' वाघ २०१९ मध्ये सुमारे १३०० किलोमीटर चालून इथे पोहोचला होता.

पण माणूस नसलेल्या डोंगरात आग लागली, तर वन विभागाला कसं कळतं?

आकाशातून आग कशी दिसते?

उपग्रह जमिनीची उष्णता मोजतो. आजूबाजूपेक्षा एखादी जागा खूपच तापलेली दिसली, की तिथे आगीचा ठिपका नोंदवला जातो. 'मोडिस' या सेन्सरचा एक ठिपका साधारण १ किलोमीटरचा असतो, तर नंतर आलेल्या 'व्हिअर्स'चा ३७५ मीटरचा. म्हणजे व्हिअर्सला लहान आगही सापडू शकते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था ही माहिती वापरून २००४ पासून राज्यांना आगीची खबर देते.

यात जीआयएसचं काम काय?

उपग्रहाकडून मिळतात फक्त अक्षांश-रेखांश. वनरक्षकाला हवं असतं ते बीटचं नाव. हे काम जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली करते. तिला एकावर एक ठेवलेले नकाशे समजा: एकात वनपरिक्षेत्र आणि बीटच्या हद्दी, दुसऱ्यात रस्ते, तिसऱ्यात पाणवठे, चौथ्यात डोंगराचा चढ. ठिपका कोणत्या बीटमध्ये पडला हे कळलं, की नोंदणी केलेल्या मोबाईलवर एसएमएस जातो.

चढाचा नकाशा का? कारण आग उतारापेक्षा चढावर वेगाने पसरते. वरच्या बाजूने आगीसमोर जाणं जिवावर बेतू शकतं.

आग लागण्याआधीही हे नकाशे उपयोगी पडतात. मागच्या काही वर्षांचे ठिपके एकत्र पाहिले, तर वारंवार जळणारी ठिकाणं कळतात. तिथे आधीच जाळरेषा काढता येतात आणि अग्निरक्षक नेमता येतात.

मग अडचण कुठे आहे?

वेळ: व्हिअर्स असलेले उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. दुपारी चारला लागलेली आग त्यांना थेट मध्यरात्रीनंतर दिसेल. तोवर वाऱ्याने ती डोंगर ओलांडलेला असतो.

चुकीचा इशारा: शेतात पेटवलेली पऱ्हाटीही उपग्रहाला आगच वाटते. जंगलाला लागून शेत असेल, तर खरं काय ते जागेवर जाऊनच कळतं.

न दिसणारी आग: ढगांखालची किंवा दाट झाडीखाली सरपटणारी लहान आग निसटू शकते.

तुम्ही काय करू शकता?

दोन फेऱ्यांमधला हा वेळ गावातलाच माणूस भरून काढू शकतो. डोंगरात धूर दिसला, तर त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवण्याआधी वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. जवळचं गाव, नाला किंवा देवस्थान सांगा. शक्य असेल तर मोबाईलवरचं लोकेशनही कळवा.

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात: शेताचे धुरे जाळताना, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवताना किंवा फेकलेल्या विडीमुळे. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे.

नकाशा आग कुठे आहे ते सांगतो. ती विझवायला मात्र झाडाच्या ओल्या फांद्या किंवा ब्लोअर घेऊन माणसांनाच डोंगर चढावा लागतो. तुमचा फोन जितका लवकर जाईल, तितकी आग त्यांना लहान असताना गाठता येईल.