शब्दविच्छेद : मोडी दप्तर आणि संगणक

संगणकाच्या भाषांत अक्षरमालेचे तुकडे पाडण्याची आज्ञा असते. ‘पायथन’ भाषेत तिला ‘स्प्लिट’ म्हणतात. विभाजक चिन्ह न सांगितल्यास ती मोकळ्या जागेवर अक्षरमाला तोडते. शब्दाशब्दांत अंतर असतेच, हे तिचे गृहीतक होय. परंतु ते सार्वकालिक नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा त्याचा इतिहास धुंडाळताना खानदेशाच्या जुन्या मोडी कागदांशी गाठ पडते. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढी आणि लेखणी फारशी न उचलता अक्षरे लिही. शब्दांत अंतर सोडीत नसे. पदे पाडण्याचे काम वाचकाचे. ‘नवराजाला’ ही अक्षरे घ्या. ‘नव राजाला’ वाचावे, की ‘नवरा जाला’, म्हणजे झाला? निर्णय संदर्भच देतो.

धुळ्यास १९२६ साली निवर्तलेल्या वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. अशा छापील पत्रांतील शब्दांतरे मूळ लेखकाची नव्हेत, संपादकाची होत.

युनिकोडने २०१४ मध्ये मोडीस स्थान दिले. अक्षरांना संकेतांक लाभले. शब्दांना सीमा लाभल्या नाहीत. मूळ बरहुकूम उतरलेली ओळ उपरोक्त आज्ञा अखंडच परत करील.

तात्पर्य, संपादित पाठातील प्रत्येक मोकळी जागा हा पुरावा नसून अर्थनिर्णय आहे. संगणकाने शब्द शोधून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने ती मूळ कागदाशी ताडून पाहावी.