पाच मतांचा मतदारसंघ

शेताचा बांध हातभर सरकला, तर सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. मतदारसंघाची हद्द मैलभर सरकली, तरी गावात कोणी फारसे विचारीत नाही. आज तुम्हांला लंडन शहरातल्या अशाच एका हद्दीची हकीकत सांगायची आहे. मतदारसंघाचे नाव सेंट्रल फिन्सबरी. तो आता नकाशावर नाही. पण ज्या शाळेत दादाभाई नवरोजींचा धडा शिकवला जातो, तिथे त्याचेही नाव मुलांच्या कानी पडायला हवे.

1832 पूर्वी विलायतेच्या पार्लमेंटचा कारभार मोठा अजब होता. ओल्ड सॅरम म्हणजे जवळजवळ ओसाड टेकडी, पण तिचे दोन सभासद! आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा एकही नाही. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमची जागा गेली आणि लंडनच्या वाढत्या वस्तीला नवे मतदारसंघ मिळाले. फिन्सबरी त्यांपैकीच एक. हॉबर्न, क्लार्कनवेल, सेंट ल्यूक, इझ्लिंग्टन, स्टोक न्यूइंग्टन एवढा थोरला मुलूख, आणि सभासद दोन. मत मात्र वर्षाला 10 पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषालाच. मजूर बाहेर, बायका तर बाहेरच.

तरीही या भागाचे वळण पहिल्यापासून बंडखोर. 1842 मध्ये 33 लाखांहून अधिक सह्यांचा म्हणून सांगितला गेलेला चार्टिस्टांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला, तो फिन्सबरीच्याच सभासदाने, टॉमस डंकूंबने. सर्व पुरुषांना मत द्या, ते गुप्त असू द्या, मतदारसंघ सारख्या आकाराचे करा, अशा त्यात मागण्या होत्या. सभागृहाने 287 विरुद्ध 49 मतांनी अर्ज झिडकारला. गुप्त मतदान आले 1872 मध्ये. आणि मतदारसंघ सारखे करण्याकडे खरे पाऊल पडले 1885 मध्ये.

त्या साली जुन्या फिन्सबरीची वाटणी झाली. इझ्लिंग्टन वेगळे निघाले, त्याचेच चार भाग झाले. उरलेल्यातल्या बहुतेक भागाचे तीन तुकडे पडले: पश्चिमेला हॉबर्न, पूर्वेला ईस्ट फिन्सबरी आणि मधे, मुख्यतः क्लार्कनवेलचा, सेंट्रल फिन्सबरी. प्रत्येकाला एक सभासद. क्लार्कनवेल म्हणजे घड्याळे बनवणाऱ्यांची, हातकारागिरांची वस्ती.

आता दादाभाईंकडे या. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारा हा मास्तर 1886 मध्ये उभा राहिला तो हॉबर्नमधून, आणि पडला. 1888 मध्ये पंतप्रधान सॅलिसबरी एका भाषणात त्या निवडणुकीबद्दल बोलताना म्हणून गेले, की इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल, इतके आपण अजून पुढे गेलेलो नाही. विलायतेत त्यावर गदारोळ उठला, आणि ज्यांनी दादाभाईंचे नाव ऐकले नव्हते त्यांनीही ते ऐकले. सॅलिसबरींनी फुकटात केलेला हा प्रचारच म्हणा ना!

1892 च्या जुलैत दादाभाई शेजारच्याच सेंट्रल फिन्सबरीत उभे राहिले. समोर कोण? कॅप्टन पेंटन. ज्या घराण्यावरून तिथल्या पेंटनव्हिल वस्तीला नाव पडले, त्याच घराण्यातला. म्हणजे गावच्या वतनदाराशी परगावच्या माणसाची गाठ. मोजणी झाली: दादाभाई 2961, पेंटन 2956. फक्त 5 मते! पेंटनने निकालाविरुद्ध दाद मागितली, पण जागा दादाभाईंचीच राहिली. आता तुम्हीच विचार करा. 1885 ची रेघ दोन गल्ल्या अलीकडे किंवा पलीकडे पडली असती, तर काय झाले असते?

त्या पाच मतांचे मोल पुढल्याच वर्षी दिसले. सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव 1893 मध्ये सभागृहात मंजूर झाला. त्यामागे दादाभाईंची खटपट होती. सरकारने तो दडपून ठेवला हे खरे. इथे परीक्षा झाली ती 1922 मध्ये. तोवर दादाभाई हयात नव्हते.

1895 मध्ये ते हरले. 1917 मध्ये वारले. आणि 1918 मध्ये सेंट्रल फिन्सबरीही संपला. त्याच वर्षी तीस वर्षांवरील पुष्कळशा स्त्रियांना मत मिळाले, हद्दी पुन्हा आखल्या गेल्या आणि एकच फिन्सबरी उरला. वस्ती घटत गेली तसा 1950 मध्ये तो शोरडिचला जोडला, 1974 मध्ये इझ्लिंग्टनच्या दक्षिण भागाला. म्हणजे 1885 मध्ये वेगळे निघालेले भाऊबंद थोडेफार पुन्हा एका घरात आले. 2024 च्या निवडणुकीआधी शेजारच्या हॅकनीचा एक तुकडा त्यात आला. क्लार्कनवेलमध्ये एका रस्त्याला मात्र नाव आहे, नवरोजी स्ट्रीट.