व्हिडिओ गेममधील कृत्रिम बुद्धिमत्ता : उद्याची पात्रे मराठी बोलतील काय?

मोताळा (जि. बुलडाणा) : मलकापूर-बुलडाणा मार्गावरील मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेम रुळला तो प्रामुख्याने मोबाइलमुळे. पडद्यावरील शत्रू आडोसा घेतो, पाठीमागून चाल करून येतो, तेव्हा तो विचार करीत असावा, असे खेळणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात बहुतेक खेळांत तो आधी लिहून ठेवलेले नियमच पाळत असतो. हे चित्र आता पालटू लागले आहे.

नियमांची बुद्धी

१९८० साली जपानमध्ये आलेल्या 'पॅकमॅन'मधील चार भुते हे याचे गाजलेले उदाहरण. लाल भूत खेळाडूचा थेट पाठलाग करते, गुलाबी त्याच्या पुढची जागा हेरते, निळे भूत लाल भुताचे स्थान पाहून दिशा ठरवते, तर नारिंगी जवळ येताच माघार घेते. नियम मोजकेच, पण चौघे मिळून कट रचत असल्याचा भास होतो. २००५ च्या 'फिअर' या खेळात शत्रूला ठरीव हालचालींऐवजी उद्दिष्ट दिले गेले व तेथवर पोहोचण्याच्या पायऱ्या तो स्वतः जुळवू लागला. २००८ च्या 'लेफ्ट फोर डेड'मध्ये खेळाडूंवरील ताण जोखून हल्ल्यांची तीव्रता कमी-अधिक करणारा अदृश्य 'दिग्दर्शक' आला.

शिकणारे यंत्र

पुढचा टप्पा सरावातून शिकणाऱ्या यंत्रांचा. डीपमाइंडच्या 'अल्फास्टार'ने २०१९ मध्ये 'स्टारक्राफ्ट २'मध्ये सर्वोच्च श्रेणी गाठली. २०२१ मध्ये सोनीच्या 'सोफी'ने 'ग्रान टुरिस्मो' या मोटारशर्यतीच्या खेळात अव्वल खेळाडूंवर मात केली. मात्र, अजिंक्य प्रतिस्पर्ध्याशी खेळण्यात गंमत नसते. खेळाडूस हरविणे यंत्राला जमले. त्याला खेळात गुंतवून ठेवणे अधिक कठीण आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगल डीपमाइंडने 'जिनी ३' सादर केले. केवळ लेखी वर्णनावरून ते फिरता येईल असे जग उभे करते. पण त्या जगातील सुसंगती काही मिनिटेच टिकते. संवाद स्वतः रचणाऱ्या पात्रांपुढेही अडचणी आहेत. ती कथेबाहेर भरकटू शकतात. शिवाय मोठी भाषा-प्रारूपे सहसा दूरच्या सर्व्हरवर चालतात. त्यामुळे प्रत्येक वाक्यागणिक खर्च येतो आणि इंटरनेट खंडित झाल्यास पात्र मुके होते. ग्रामीण भागातील स्वस्त मोबाइलसाठी हा प्रश्न कळीचा ठरेल.

महाराष्ट्र आणि मराठी

या क्षेत्रात महाराष्ट्र कोरा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये, तर पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषेच्या बाजूने, २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमात मराठीसह भारतीय भाषांतील भाषांतर व वाचेची साधने विकसित केली जात आहेत. यंत्र जे ऐकते-वाचते, तेच शिकते. प्रमाण मराठीचा साठा इंग्रजीच्या तुलनेत तोकडा. वऱ्हाडीचा तर त्याहून तोकडा. ही उणीव भरून निघाली नाही, तर पडद्यावरील पात्र मराठी बोलेल, पण ती मोताळ्याची बोली नसेल.

रोजगाराचा प्रश्न

संवाद यंत्राने बोलायचे, तर आवाजाच्या कलावंतांनी काय करायचे? याच मुद्द्यावर अमेरिकेतील 'सॅग-आफ्ट्रा' या संघटनेच्या कलावंतांनी जुलै २०२४ पासून सुमारे अकरा महिने व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप केला. आवाजाची वा हालचालींची यांत्रिक प्रतिकृती करण्यापूर्वी संमती घ्यावी व मोबदला द्यावा, ही तरतूद २०२५ च्या करारात झाली. चित्रकार, लेखक व चाचणी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा आहे.

तंत्र पुढे जाणारच. त्यातील आवाज कोणाचा, भाषा कोणती आणि मोबदला कोणाच्या हाती, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागेल.